सोळा आण्यांचा उजेड : कॅमेरा 'ऑटो'वरून काढायचा कसा

आधी एक प्रयोग. घरात एक पांढरी चादर आणि एक काळी छत्री शोधा. खिडकीजवळच्या पलंगावर चादर पसरा आणि छत्री उघडून तिथेच, त्याच उजेडात ठेवा. कॅमेरा 'ऑटो'वर असला तरी चालेल, फक्त फ्लॅश उडू देऊ नका. चौकटीत चादरीशिवाय दुसरं काहीच दिसणार नाही इतकं जवळ जाऊन एक फोटो काढा. मग तसाच छत्रीचा काढा. (फोकस लागत नसेल तर चादरीची एखादी चुणी आणि छत्रीची एखादी काडी चौकटीत येऊ द्या.) आता दोन्ही फोटो एकामागोमाग एक बघा.

चादर मळकट राखाडी आली असेल. छत्रीही राखाडीच, चार पावसाळे आणि चार उन्हाळे खाऊन विटल्यासारखी. प्रत्यक्षात एक दुधासारखी पांढरी, दुसरी कोळशासारखी काळी, पण फोटोत दोघी सख्ख्या बहिणी.

कॅमेऱ्यात बिघाड नाही. उजेड मोजणाऱ्या मीटरला समोर चादर आहे की छत्री, आजी आहे की म्हैस, हे कळत नाही. चौकटीतल्या सगळ्या उजेड-काळोखाची सरासरी काढली की मध्यम राखाडी येते, एवढंच त्याला शिकवलेलं असतं. फोटोग्राफीच्या दुकानात १८ टक्के राखाडी पुठ्ठा मिळतो, तो ह्याच हिशेबाचा. हल्लीचे कॅमेरे चेहरे ओळखतात, चौकटीचे तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळा मोजतात, पण मुळातली समजूत तीच. बहुतेक वेळा ती चालून जाते, कारण बहुतेक दृश्यांत थोडं आभाळ, थोडी झाडं, थोडी माणसं असतात. जिथे चालत नाही तिथे खिडकीत बसलेली आजी काळी पडते आणि शाळेच्या स्टेजवर नाचणाऱ्या मुलीचा चेहरा पिठात बुडवल्यासारखा पांढरा होतो. मीटरचा अंदाज कधी मानायचा आणि कधी मोडायचा हे कळण्यासाठीच ही सगळी खटपट.

बसायच्या आधी

कॅमेऱ्याचं वरचं चाक 'ए'वर आणा. कॅनन असेल तर तिथे 'एव्ही' लिहिलेलं सापडेल. ह्या मोडमध्ये अ‍ॅपर्चर आणि आयएसओ तुम्ही ठरवता आणि शटर कॅमेरा जुळवून घेतो. (शटर म्हणजे उजेड किती वेळ आत येऊ द्यायचा, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं भोक किती मोठं ठेवायचं, आयएसओ म्हणजे आलेला उजेड किती फुगवायचा.) बरेच जाणकार नवशिक्याला पहिल्याच दिवशी 'एम'वर, म्हणजे पूर्ण मॅन्युअलवर ढकलतात. मला ते पटत नाही. एकाच वेळी तीन चाकं फिरवणारा माणूस समोरचं बघायचं विसरतो, आणि शेवटी मीटरचा काटा शून्यावर आणण्यातच गुंगतो. म्हणजे मीटरचंच ऐकायचं, तेही स्वतःच्या हाताने.

मेन्यूत जाऊन चार गोष्टी करून टाका. ऑटो आयएसओ शिकण्यापुरता बंद करा. फाइल 'रॉ अधिक जेपेग' ठेवा (रॉ म्हणजे कच्ची फाइल, नंतर थोडंफार सावरता येते). मागच्या स्क्रीनचा उजेड ऑटोवर असेल तर मध्यावर पक्का करा. आणि फोटोतला पांढराफटक पडलेला भाग लुकलुकून दाखवणारी सोय चालू करा. मेन्यूत 'हायलाइट' हा शब्द शोधलात की ती सापडते. झालं.

रुपया, आठ आणे, चार आणे

स्टुडिओत काम करणाऱ्यांच्या तोंडी एक शब्द सतत असतो : स्टॉप. "एक स्टॉप अंडर ठेव", "दीड स्टॉप ओव्हर झालाय." नवीन माणूस इथे घाबरतो. खरं तर हे गणित आपल्या आजी-आजोबांच्या बटव्यात होतं. रुपयाचे आणे सोळा. अर्धा रुपया म्हणजे आठ आणे, त्याच्या निम्मे चार, मग दोन, मग एक. दर पायरीला निम्मं. १९५७ साली दशमान नाणी आली तरी पुढे कित्येक वर्षं लोक पंचवीस पैशांना चार आणेच म्हणत राहिले, कारण निम्म्या-दुपटीचा हिशेब बोटांवर बसलेला होता. स्टॉप म्हणजे तेच. एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा, एक स्टॉप जास्त म्हणजे दुप्पट.

आता कॅमेऱ्यातली तिन्ही नाणी मांडू.

शटर : १/६० सेकंद हा रुपया धरला तर १/१२५ आठ आणे, १/२५० चार आणे, १/५०० दोन आणे आणि १/१००० एक आणा.

अ‍ॅपर्चर : एफ/२.८ रुपया, एफ/४ आठ आणे, एफ/५.६ चार आणे, एफ/८ दोन आणे, एफ/११ एक आणा.

आयएसओ : १६०० रुपया, ८०० आठ आणे, ४०० चार आणे, २०० दोन आणे, १०० एक आणा.

एकीकडे एक पायरी उतरलात की दुसरीकडे एक पायरी चढा, फोटोचा उजेड तेवढाच राहतो. समजा एफ/५.६, १/१२५ आणि आयएसओ २०० वर फोटो बरोबर येतोय. समोर मूल पळायला लागलं म्हणून शटर १/२५० करायचंय? मग अ‍ॅपर्चर एफ/४ करा, नाहीतर आयएसओ ४००. सुटे बदलले, रुपया तोच.

आकडे बदलणाऱ्या चाकाचा एक 'टक' म्हणजे एक स्टॉप नव्हे, ही ठेच सगळ्यांना लागते. बहुतेक कॅमेऱ्यांत एक टक म्हणजे स्टॉपचा तिसरा हिस्सा. १/१२५ नंतर १/१६०, मग १/२००, मग १/२५०. तीन टक मोजा.

शटर : छताचा पंखा

शटर शिकायला धबधबा लागत नाही. डोक्यावरचा पंखा पुरतो. आता वरचं चाक 'एस'वर आणा, इथे शटर तुम्ही ठरवता (कॅननवर त्याला 'टीव्ही' म्हणतात, तो 'टाइम व्हॅल्यू'चा टीव्ही, दूरदर्शनचा नव्हे). पंखा मधल्या वेगावर ठेवा, जमिनीवर उताणे पडा आणि १/१५ पासून सुरुवात करून १/६०, १/२५०, १/१००० असे फोटो काढत जा. १/१५ ला पंख्याच्या जागी नुसती धुरकट तबकडी दिसेल. १/६० ला पाती तीन की चार हे मोजता येऊ लागेल, १/२५० ला आतला भाग आकार घेईल आणि टोकं मात्र अजून पुसटच राहतील, कारण टोकाला जास्त अंतर कापायचं असतं. १/१००० ला पंखा जवळजवळ थांबलेला. खोलीत उजेड कमी असेल तर आयएसओ ३२०० करावा लागेल. फोटो तरीही काळे आले तर येऊ द्या, पाती दिसल्याशी कारण.

ह्या पंख्याने मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या तक्त्याने शिकवलं नाही. गाभाऱ्यात घंटा वाजवणारा हात, लेझीम, झोका, सायकल, सगळ्यांचा हिशेब पंख्यावरून मांडता येतो. उभं राहून गप्पा मारणाऱ्या माणसांना १/१२५ पुरतो. चालणाऱ्यांना १/२५०. पळणाऱ्या पोरांना आणि ढोलावर पडणाऱ्या टिपरूला १/५०० किंवा त्याहून जलद. टिपरू थोडं हललेलं मला आवडतं, म्हणून मी तिथे मुद्दाम १/१२५ वर येतो. वादकाचा चेहरा स्थिर आणि हात पुसट आला की त्या फोटोतून आवाज येतो.

ह्याशिवाय आपला स्वतःचा हातही हलतो. त्यासाठी जुना ठोकताळा आहे : लेन्स जितक्या मिलिमीटरची, एक भागिले तितका शटर तरी हवा. किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच मिळालेली लेन्स, ५५ वर असेल तर १/६०. पण नवशिक्यांच्या बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सर, म्हणजे आतली उजेड टिपणारी चकती, छोटा असतो, त्यामुळे दीडने गुणायचं. म्हणजे ८२, म्हणजे १/१००. लेन्समध्ये स्टॅबिलायझर असेल तर ह्याहून सावकाश शटरही चालतो, पण तो आपला हात सावरतो. समोरचं पोरगं तो धरून ठेवत नाही. हललेल्या फोटोंबद्दल कॅमेऱ्याला दोष देणाऱ्यांपैकी अर्धे लोक इथेच फसलेले असतात.

दिव्यांची एक गंमत जाता जाता. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. मंगल कार्यालयात १/५०० वर काढलेल्या फोटोंत कधी आडवे पट्टे येतात, कधी एक फोटो पिवळट आणि पुढचा गडद येतो, तो हाच प्रकार. तिथे १/१०० किंवा १/५० वर या, पट्टे जातात.

अ‍ॅपर्चर : उलटे आकडे

पुन्हा 'ए'वर या. इथे आकडा मोठा तसं भोक लहान, आणि ह्यावर सगळेच अडखळतात. कारण साधं आहे : तो आकडा भागाकारातला आहे. लेन्सचे मिलिमीटर भागिले भोकाचा व्यास. ५० मिलिमीटरची लेन्स एफ/२ वर असेल तर भोक २५ मिलिमीटर, साधारण जुन्या रुपयाच्या नाण्याएवढं. तीच एफ/१६ वर नेली की ३ मिलिमीटर, ज्वारीच्या दाण्याएवढं. २.८, ४, ५.६, ८ हे आकडे विचित्र वाटतात तेही ह्यामुळेच. गोल भोकाचं क्षेत्रफळ दुप्पट करायचं तर व्यास दुप्पट करून भागत नाही, १.४ पटच वाढवावा लागतो. कुठलाही आकडा १.४ ने गुणा, पुढची पायरी मिळते.

भोक मोठं ठेवलं की उजेड जास्त येतो आणि मागचं सगळं विरघळतं. लहान केलं की पुढचं-मागचं सगळं स्पष्ट होतं. पितळेचा तांब्या खिडकीत ठेवा, त्याच्या मागे हातभरावर कुंडी, त्याच्या मागे रस्ता. लेन्स जास्तीत जास्त झूम करून तांब्यावर फोकस करा आणि एफ/५.६, एफ/८, एफ/१६ असे तीन फोटो काढा. कुंडीची पानं एकेक करून जागी होताना दिसतील.

किट लेन्सवर '३.५-५.६' असं छापलेलं असतं. १८ ला एफ/३.५ मिळतं, ५५ पर्यंत झूम केलं की सव्वा स्टॉपहून जास्त उजेड जाऊन एफ/५.६ वर येतो. तिन्हीसांजेला झूम करून फोटो हलतात त्यातलं अर्धं कारण हे. झूम आवरा, दोन पावलं पुढे चला.

घरच्या कार्यात तीन रांगांचा ग्रूप फोटो असतो ना, पुढे मांडी घालून पोरं, मधे खुर्च्यांवर थोरले, मागे उभे बाकीचे? तिथे एफ/८. फोकस मधल्या रांगेवर. एफ/२.८ वर काढलात तर मागच्या रांगेतले जावई कायमचे धूसर राहतील आणि ते तुम्हाला पुढच्या कार्यापर्यंत ऐकवतील. उलट, 'सगळंच स्पष्ट हवं' म्हणून एफ/२२ वर जाऊ नका. एवढ्या बारीक भोकातून उजेड पसरतो आणि सगळाच फोटो किंचित मऊ पडतो. एफ/८ आणि एफ/११ वर आयुष्य निघतं.

आयएसओ, आणि माझी फजिती

आयएसओ वाढवला की सेन्सर जास्त उजेड गोळा करत नाही. जेवढा आला तेवढाच तो फुगवून दाखवतो, लाउडस्पीकरचा आवाज वाढवल्यासारखा. आवाजाबरोबर खरखरही वाढते. फोटोत तिला नॉइज म्हणतात, जुने लोक दाणे म्हणतात. म्हणून उजेड भरपूर असेल तेव्हा आयएसओ खाली, १०० किंवा २००.

पण नवशिके आयएसओला फारच भितात. कुणीतरी '८०० च्या वर जाऊ नकोस' म्हणून सांगितलेलं असतं आणि ते धरून लोक १/१५ वर हललेले फोटो काढत बसतात. दाणेदार फोटो अल्बममध्ये लागतो, हललेला लागत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांतला कुठलाही कॅमेरा आयएसओ ३२०० आरामात पेलतो.

माझी चूक बरोबर उलट दिशेची. मावसबहिणीचं लग्न. आदल्या रात्री मेंदीला अंगणात दोनच बल्ब होते, म्हणून आयएसओ ३२०० आणि अ‍ॅपर्चर एफ/२.८ करून ठेवलं. फोटो छान आले, झोपलो. सकाळी हळद, भर उन्हात. कॅमेरा उचलला आणि सुरू झालो. 'ए' मोड होता, म्हणजे शटर कॅमेऱ्याने बघायचं. पण माझ्या कॅमेऱ्याचा शटर १/४००० च्या पुढे जात नाही. तो बिचारा १/४००० ला जाऊन भिंतीला टेकला होता आणि आकडा लुकलुकत ठेवून मला ओरडून सांगत होता. मी बघतोय नवरीकडे. ऊन इतकं की स्क्रीनवर धड काही दिसेना, आणि दिसत नाही म्हणून बघणंही सोडलं. अर्ध्या तासाचे फोटो साडेचार स्टॉप ओव्हर. नवरी नाही, हळद नाही, एक पांढरा प्रकाश आणि त्यात कुणाच्या तरी हातातलं आंब्याचं पान. रॉ फाइल स्टॉप-दीड स्टॉप सावरते, साडेचार नाही. मावशी त्यावर काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं.

प्लस-मायनसचं बटण

ह्या लेखातली एकच गोष्ट उचलणार असाल तर ही उचला. कॅमेऱ्यावर अधिक-उण्याच्या खुणेचं छोटं बटण किंवा चाक असतं. त्याचं नाव एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (एक्सपोजर म्हणजे फोटोला मिळणारा एकूण उजेड). मीटरचा अंदाज किती स्टॉपने मोडायचा ते इथे सांगायचं. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवून सूर्याचं चिन्ह वर-खाली सरकवता ना, तेच हे.

चादरीकडे परत जा. अधिक १ करा, फोटो काढा. अधिक १.७ करा, पुन्हा काढा. चादर पांढरी झाली. छत्रीला उणे १, मग उणे १.७. छत्री काळी झाली. नियम कानाला उलटा वाटतो, पण पक्का आहे : पांढऱ्याला वाढवा, काळ्याला घटवा.

आषाढी वारीत दिवेघाट चढणाऱ्या दिंडीचा फोटो घ्या. पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या, वर ढगाळ पांढरं आभाळ. मीटर बिचकतो, 'फार उजेड झाला' म्हणून सगळं दाबून टाकतो आणि ऐन दुपारची दिंडी संध्याकाळची दिसते. अधिक १ केलं की कपडे उजळतात आणि सावळे, घामेजलेले चेहरेही वर येतात. आभाळ मात्र जास्त येऊ देऊ नका, ते पांढरं पडून जातं. वेरूळच्या कैलासात उलटा खेळ. काळ्या पाषाणाने चौकट भरली की मीटर त्या बेसॉल्टचं सिमेंट करून टाकतो. उणे ०.७ ते उणे १ केलं की दगड पुन्हा दगड होतो आणि त्यावरचा कवडसा उठून दिसतो.

खिडकीतली आजी? अधिक १.७. बाहेरचं आंगण पांढरं जाईल, जाऊ द्या. फोटो आजीचा आहे.

जेजुरीचा भंडारा हे ह्यातलं सगळ्यात अवघड प्रकरण. उन्हात उधळलेली हळद मीटरच्या हिशेबात ठीक असते, हिस्टोग्रामही (फोटोतल्या उजेड-काळोखाचा आलेख, त्याबद्दल पुढे) शहाण्यासारखा दिसतो, आणि घरी येऊन बघावं तर पिवळ्याचा सपाट ठिगळ झालेला असतो. ना कण, ना धूर. पिवळा रंग कॅमेऱ्यात लाल आणि हिरवा मिळून बनतो. त्यातला लाल आधीच काठोकाठ भरून सांडलेला असतो आणि तिन्ही रंगांच्या सरासरीत ते लपून जातं. म्हणून तिथे लाल, हिरवा, निळा असे वेगळे हिस्टोग्राम उघडून लालवर नजर ठेवायची, आणि उणे ०.७ वर राहायचं. झेंडूच्या राशींनाही हेच. (भंडाऱ्यात लेन्स बदलू नका. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी बांधा. हळद झूमच्या फटीत गेली की कायमची.)

स्क्रीन खोटं बोलतो

मघाशी हिस्टोग्राम म्हटलं. फोटोत किती काळं, किती मधलं, किती पांढरं आहे त्याचा तो डोंगर : डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं. त्याचा आदर्श आकार कुठला, असं विचारू नका, तसा काही नसतो. फक्त उजव्या कडेला डोंगर भिंतीवर चढलाय का ते बघा. चढला असेल तर तिथला तपशील गेला. मीटरवर एवढा भरवसा नको म्हणतो, मग स्क्रीनवर का नको? कारण स्क्रीन तोच राहतो, आपला डोळा बदलतो. उन्हात फोटो काळा वाटतो म्हणून आपण वाढवत जातो. रात्री तोच फोटो झगझगीत वाटतो म्हणून घटवतो आणि घरी येऊन कपाळाला हात लावतो.

लुकलुकणारे ठिपके सगळेच वाईट नसतात. दिवा लुकलुकला, निरांजनाची ज्योत लुकलुकली, स्टीलच्या ताटावरची चमक लुकलुकली, सोडून द्या. कपाळ, गाल किंवा पांढऱ्या शालूचं पोत लुकलुकलं तर लगेच घटवा.

आता 'एम'

उजेड एकसारखा असतो आणि चौकट मात्र सारखी बदलत असते, तिथे मॅन्युअल. शाळेचं स्नेहसंमेलन हे त्याचं उत्तम उदाहरण, आणि आई-बाबांचे सगळ्यात जास्त फोटो तिथेच वाया जातात. मागे काळा पडदा, समोर दिव्याखाली आपलं लेकरू. चौकटीचा बहुतांश भाग काळा असल्यामुळे मीटर उजेड वाढवतो आणि चेहरा पांढरा फुटतो. झूम केलं की पडदा कमी, चेहरा जास्त, म्हणून पुढचा फोटो एकदम गडद. ह्याच्या मागे प्लस-मायनस घेऊन पळण्यात अर्थ नाही, कारण चेहऱ्यावर पडणारा उजेड बदललेलाच नाही.

दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाचा कार्यक्रम चालू असतानाच कामाला लागा. चाक 'एम'वर. आयएसओ ३२००, शटर १/२५०, अ‍ॅपर्चर लेन्स देईल तेवढं मोठं. किट लेन्स झूम केली असेल तर ते एफ/५.६ असेल आणि आयएसओ ६४०० लागेल. एक फोटो काढा. चेहऱ्यावर ठिपके लुकलुकले तर आयएसओ एक पायरी खाली, चेहरा अंधारा असेल तर एक पायरी वर. दोन-तीन फोटोंत बसेल. बसलं की हात लावायचा नाही, पडदा कितीही काळा दिसो. दिव्यांचा रंग किंवा जोर बदलला तरच पुन्हा एक चाचणी. आणि नाचाचे फोटो समेवर काढा. गाण्याची ओळ संपताना पोरं क्षणभर पवित्रा धरून थांबतात. तेवढ्या क्षणाला १/१२५ सुद्धा पुरतो आणि एक अख्खा स्टॉप वाचतो.

कोजागरीचा चंद्रही 'एम'वरच काढायचा. रात्र आहे म्हणून सगळे शटर लांबवतात आणि आभाळात पांढरी बुंदी येते. चंद्र हा भर उन्हात पडलेला दगड आहे, त्याला उन्हाचंच एक्सपोजर लागतं : आयएसओ १००, एफ/११, १/१२५. दिवसाच्या उन्हासाठी ह्याचा थोरला भाऊ आहे. स्वच्छ ऊन असेल तर एफ/१६ आणि शटर एक भागिले आयएसओ, म्हणजे आयएसओ १०० ला १/१००. हलके ढग आले तर एफ/११, पूर्ण ढगाळ असेल तर एफ/८, पावसाआधीचं दाटून आलं तर एफ/५.६. रोलच्या जमान्यात खोक्याच्या आत सूर्य आणि ढगांची चित्रं काढून हाच तक्ता छापलेला असायचा, आणि ज्यांच्याकडे मीटर नव्हता त्यांनी त्यावर अख्खी लग्नं उरकली. गच्चीवर जाऊन एकदा पडताळून बघा. मीटरला न विचारता पहिला फोटो बरोबर आला की फार बरं वाटतं.

पहिले चार आठवडे

रोज पंधरा मिनिटं पुरे. पहिल्या आठवड्यात तांब्या, खिडकी आणि अ‍ॅपर्चर. दुसऱ्यात पंखा, मग रस्त्यावरच्या सायकली. तिसरा आठवडा फक्त प्लस-मायनस : बटण दाबायच्या आधी मनाशी म्हणायचं, "हे अधिक एक," मग काढून बघायचं. सुरुवातीला अंदाज चुकतील. पण आठवड्याच्या शेवटी बाजारातल्या मुळ्याच्या जुड्या बघूनही तुमच्या तोंडून 'अधिक ०.७' निघेल, घरचे हसतील. चौथ्यात 'एम'. ह्या काळात लेन्सच्या जाहिराती बघू नका.

आणि कॅमेरा पिशवीत टाकण्याआधी, कितीही रात्र झालेली असो, कितीही झोप आलेली असो : आयएसओ २००, अ‍ॅपर्चर एफ/५.६, प्लस-मायनस शून्यावर, चाक 'ए'वर. मी पिशवीच्या झाकणाला आतून चिकटपट्टीवर हे लिहून ठेवलंय. मावसबहिणीच्या मुलीचं बारसं होतं तेव्हा ती चिकटपट्टी वाचूनच कॅमेरा बाहेर काढला.